खिडकी लाव

रायपूर, १४ जानेवारी २००३

दादा,

जयभीम. तुझ्या बोगद्याच्या कामावरच्या कॅम्पचा पत्ता आईने दिला. तिच्याकडे तो आहे हे मला आजच कळलं.

बाबांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. मेंदूच्या आवरणावर गाठ होती. कॅन्सरची नाही, तसा अहवाल आला आहे. दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात जड पडायला लागला होता. चहाचा कप सुटायचा, आणि ते कपाला दोष द्यायचे. गेल्या आठवड्यात सोमवारी शंकर नगरातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि नीट झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डबॉयला झापलं, पलंगाचं चाक तेल मागून राहिलं, तुला ऐकू येत नाही का म्हणून. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण चाक ऐकायची सवय गेलेली नाही.

माझा बेत असा होता की सगळं पार पडलं की तुला चार ओळी टाकायच्या. ऑपरेशन झालं, बरे आहेत, एवढंच. तू यावंस असं सुचवायचं नव्हतं. आजही सुचवत नाही. पण त्या चार ओळी आता लिहिता येत नाहीत.

आज सकाळी विमला सिस्टर ताप बघायला आल्या. इथल्याच आहेत, धमतरीकडच्या, हसऱ्या आहेत. त्यांनी विचारलं, "बाबूजी, ठीक हो?"

"हव."

"सर दुखता है?"

"हव."

"नाश्ता कर लिए?"

"हव."

नाश्ता केलेला नव्हता. ताट तसंच झाकलेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "आज तो बढ़िया बोल रहे हैं बाबूजी," आणि त्यांनी तक्त्यावर तसं लिहिलं. त्यांची चूक नाही. या गावात शहाणा माणूस होकार असाच देतो. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

तुला आठवत असेल. तू गल्लीतून 'हव' घेऊन यायचास, मीही आणायचे, आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "हवा कुठून येऊन राहिली बे? खिडकी लाव." मग आपल्यापैकी एकाला खरंच उठून खिडकी लावावी लागायची, मे महिन्यातसुद्धा, आणि परत येऊन 'हो' म्हणावं लागायचं. आजवर त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकलेला नाही. आज सलग तीनदा ऐकला.

मी डॉक्टरांना गाठून सांगितलं, हे आमचे वडील बोलत नाहीयेत. एका शब्दावरून सांगते आहे म्हटल्यावर ते जरा हसले. मग त्यांनी बाबांच्या मानेखाली हात घालून हनुवटी छातीला टेकवायचा प्रयत्न केला. मान लाकडासारखी उचलली गेली, खांद्यांसकट. डॉक्टरांचं हसू गेलं. अंगात ताप होता.

मेंदूच्या आवरणात जंतू गेले असावेत असं ते म्हणतात. मणक्यातून पाणी काढून तपासणार आहेत. कळवायचं म्हणून कळवते आहे.

चेतना


रायपूर, १६ जानेवारी

दादा,

पाणी काढलं. ते नळाच्या पाण्यासारखं नितळ असायला हवं. ते पसियासारखं होतं. तुझ्या सासरी तू पसिया प्यायला असशील, भात गाळल्यावर खाली राहतो तो. मी काचेची ती बारीक नळी उजेडात धरलेली पाहिली आणि मला दुसरं काही आठवेना. आपल्या बापाच्या डोक्यातून पसिया निघतो आहे, एवढंच.

जंतूंचा संसर्ग नक्की झाला. शिरेतून औषधं सुरू आहेत, पण डॉक्टर म्हणाले, नुसत्या शिरेतल्या औषधाने भागणार नाही. कमरेच्या मणक्यात एक बारीक नळी ठेवायची आणि ते खराब पाणी काही दिवस सतत थेंब थेंब बाहेर काढायचं. त्यासाठी घरच्यांची सही हवी.

तेव्हा आई होती, आणि डबा घेऊन आलेल्या अंजनाबाई होत्या. बूढ़ापाऱ्यातल्या, आपल्या घरासमोर राहतात त्या. त्या एकदम म्हणाल्या, "पाठीचं पाणी? नको वो शेवंता. माया दिराचं काढलं होतं. तिसऱ्या दिवशी गेला."

आई उठून उभीच राहिली. "नाही. नाही काढाचं."

डॉक्टरांनी हिंदीत समजावलं की त्या दिराला आणलंच बेशुद्धीत असेल, पाणी काढल्यामुळे कोणी जात नाही, उशीर झाल्याने जातो. आईने ते ऐकलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. "झाडाचं पाणी काढलं तं झाड उभं राहते का? सांग नं. यशदीप असता तं त्यानं केली असती का सही?"

"दादा नाही आहे इथं," मी म्हटलं.

कागद ओढून मीच सही केली. नात्याच्या रकान्यात 'पुत्री' लिहिलं. आई म्हणाली, आणि हे तिने डॉक्टरांसमोर, अंजनाबाईंसमोर म्हटलं, "पोट्टी, तुले पाण्याच्या खात्यात नोकरी लागली म्हणून आता बापाचं पाणी काढते?"

मी तिला डबा धुऊन आणायला पाठवलं. नळी तेवढ्यात घातली.

काम साधं आहे. नळी एका छोट्या काचपात्रात येते आणि त्यातून पिशवीत. काचपात्राची उंची बाबांच्या कानाच्या रेषेत ठेवायची. खाली गेलं तर पाणी भसकन जाईल आणि मेंदू खाली ओढला जाईल. वर गेलं तर येणारच नाही. आमच्या खात्यात टाक्यांची उंची काढताना आम्ही हेच करतो. म्हणून पलंगाचा माथा कोणी वरखाली करायचा नाही. विमला सिस्टरांनी भिंतीवर तसा कागद डकवला आहे. नळीवर एक छोटी तोटी आहे, कूस बदलायची असली की सिस्टर ती बंद करतात आणि मग उघडतात.

मला हे सगळं समजतं, आणि समजत असूनही मी ते थेंब बघत बसते. बापाच्या कानाची रेष आखायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आई माझ्याशी बोलत नाही.

चेतना


रायपूर, २० जानेवारी

दादा,

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

शनिवारी बाबा सुधारले होते. डोळे उघडले, पाणी मागितलं, "पानी" नाही, "पाणी". पिशवीतलं पाणीही जरा विरळ दिसत होतं. रविवारी सकाळी मी आंघोळीला घरी गेले. परत आले तर ते गुंगीत. हाताने डोकं धरून होते, ओकारी झाली होती. नाव विचारलं, "हव." दुखतं का, "हव." मला ओळखलं का, "हव."

मी पिशवीकडे पाहिलं. सकाळी जाताना जिथं पाणी होतं तिथंच होतं. काचपात्र कानाच्या रेषेत होतं. नळी कुठं दबलेली नव्हती. मग तोटी पाहिली. ती आडवी होती. बंद. मी एरवी रोज झडपांमध्येच काम करते, बंद झडप मला चुकून उघडी दिसत नाही.

मला वाटलं, विमला सिस्टर कूस बदलून उघडायला विसरल्या. त्यांना काय बोलायचं, कोणत्या आवाजात बोलायचं, ते सगळं मी दारापर्यंत जाता जाता ठरवलं होतं.

आई स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मीच लावली."

मी वळले.

"तू घरी गेली तवा लावली. काल बी थोडा वेळ लावली होती. सिस्टर आली की उघडून देत होती."

"काहून?"

"किती काढतान मानसातून? थैली भरली की फेकते. भरली की फेकते. मी पाहून राहिली नं. येवढं पाणी असते का मानसात? म्हटलं, थोडं तरी राहू दे त्याईच्या अंगात."

मला राग आला असं म्हणता येणार नाही. काहीच आलं नाही. तोटी मी उघडली नाही. तुंबलेल्या लाइनीची झडप कोणी एकदम उघडत नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात शिल्लक होतं. मी सिस्टरांना हाक मारली. डॉक्टर आले, त्यांनी ती हळूहळू उघडली, बघत बघत. पाणी परत गढूळ आलं.

कारण विचारल्यावर मी सांगितलं. लपवलं नाही. डॉक्टर आईला म्हणाले, "अम्मा, आप तो इनको मार ही डालतीं."

हे वाक्य माझ्याच तोंडात होतं. त्यांनी म्हटल्यावर ते कसं दिसतं ते मला दिसलं. आईचा चेहरा एकदम लहान झाला. ती पदर सावरत बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी मागून गेले. बरंच झालं, ती बोलली तरी.

"तुले पाण्याचं शिकवलं," ती म्हणाली. "तुया बापानं ओव्हरटाइम करून शिकवलं. मले कोणी सांगतलं? त्या डॉक्टरनं सांगतलं? तू सांगतलं? तू सही केली अन् मले डब्बा धुवाले धाडलं."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि सांगितलं. हे पाणी रक्तातलं नाही, जीव धरून ठेवणारंही नाही. डोक्यात आत ते सतत तयार होत असतं. जुनं जिरतं, नवं येतं, दिवसातून तीन-चार वेळा सगळंच्या सगळं बदलतं. बाबांचं जुनं सडलं आहे, ते जायला वाट हवी, म्हणजे नव्याला जागा होईल.

"रोज नवं बनते?"

"रोज."

"माया डोक्यात बी?"

"तुया बी. माया बी."

ती समोरच्या नळाकडे बघत म्हणाली, "मंग हे आधी काहून नाही सांगतलं वो?"

सांगायला वेळ लागला असता तर एक गोष्ट होती. हे सांगायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी बाबा गुंगीतच होते. डॉक्टर म्हणतात, किती नुकसान झालं ते आत्ता सांगता येणार नाही.

चेतना


रायपूर, २५ जानेवारी

दादा,

ताप नाही. पाणी नितळ झालं आहे, नळी उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसते. तपासणीत जंतू वाढले नाहीत. उद्या-परवा मणक्यातली नळी काढतील. औषधं अजून चालू राहतील.

आई आता त्या तोटीची राखण करते. झाडूवाली बादली घेऊन जवळ आली तरी ओरडते, "नली को हाथ नको लावू वो बाई, उसमें से खराब जाता है और नया आता है!" अंजनाबाईंनाही तिने हेच ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. अंजनाबाई म्हणाल्या, "मंग माया दिराचं नवं काहून नाही आलं?" आईने डब्याचं झाकण लावून तो त्यांच्या हातात दिला.

बाबा बसतात. चमच्याने खिचडी खातात. डॉक्टरांनी विचारलं तर स्वतःचं नाव सांगतात, साल सांगतात, रायपूरहून दुर्गपर्यंतची स्टेशनं क्रमाने सांगतात. डॉक्टर खूश आहेत. मी नाही. बाकी कशालाही ते 'हव' म्हणतात, आणि तो प्रत्येक 'हव' मी डॉक्टरांना कळवते. ते आता माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. म्हणतात, "बेटा, हव में दिक्कत क्या है? पूरा छत्तीसगढ़ हव बोलता है."

काल मी मुद्दाम त्यांच्या कानाशी 'हव' म्हणून पाहिलं. दोनदा. पेपर हातात दिला होता. खिडकी उघडी होती. काही नाही. ते पेपर उलटा धरून बसले होते.

मग विचारलं, "बाबा, मी नोकरी सोडू?"

"हव."

"घर विकून टाकायचं?"

"हव."

जो माणूस कशालाही आधी नाही म्हणायचा आणि मग विचार करायचा, तो. शेवटी विचारलं, "बाबा, दादाला बोलावू?"

"हव."

हा होकार मी धरत नाही. तूही धरू नकोस. लिहिलं, कारण जे झालं ते सगळं लिहायचं असं मी ठरवलं आहे.

त्यावरून ते दुसरंही लिहिते. तू घर सोडलंस त्या दिवशी बाबांनी तुला विचारलं होतं, "म्हणजे, लग्न शारदाशीच करणार?" तू म्हणालास, "हव." रागाने म्हणालास की सवयीने, मला कधी कळलं नाही. मी खिडकीकडे निघालेसुद्धा होते. बाबा म्हणाले, "दार लाव. बाहेरून."

तेव्हा मला वाटलं होतं, माणूस यापेक्षा वाईट काही बोलू शकत नाही. आज ते पलंगावर शांत बसून सगळ्यांना होकार देतात, आणि ते 'दार लाव' म्हणणारे बाबा परत मिळाले तर मी घेईन.

चेतना


रायपूर, ३० जानेवारी

दादा,

तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. ते आज दुपारी बसने आलं.

मी औषधं घेऊन वर आले तर दाराशी एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, चपला बाहेर काढून ठेवलेल्या, दवाखान्यात कोणी काढत नाही तरी. मी तिला ओळखलं नाही. तुमचा एकच फोटो मी पाहिला आहे, आणि त्यात तिने मान खाली घातली आहे.

"मैं शारदा," ती म्हणाली. "इनका फोन आया था, गाँव के पीसीओ में. बोले, चेतना की चिट्ठी आई है, तू निकल. मैं छुट्टी मिलते ही आता हूँ."

मी "बरं" म्हटलं. तू येणार आहेस हे मला असं कळलं, तिसऱ्याच्या तोंडून, दाराशी उभं राहून.

आत बाबा उशीला टेकून बसले होते. आई संत्रं सोलत होती. शारदा दोघांच्या पाया पडली. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही उचलला नाही. ते समोर बघत होते. ही कोण, हे त्यांना कळलं की नाही ते चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. मला भीती होती ती 'दार लाव'ची. आणि दाराचं बोलण्याइतकेही ते उरलेले नसतील, ही त्याहून जास्त.

सोलता सोलता आईने तिच्या हिंदीत विचारलं, "कुछ खाके निकली क्या बाई, का भूकीच आली?"

शारदा म्हणाली, "हव अम्मा, खाए हँव."

बाबांनी मान वळवली. हळू, पलंगाचं चाक वळावं तशी. तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले,

"हवा कुठून येऊन राहिली बे? खिडकी लाव."

आईच्या हातातलं संत्रं खाली पडलं. दादा, ते वाक्य त्यांनी आजवर दोनच माणसांना म्हटलं आहे. शेजारच्या पोरांना नाही, पाहुण्यांना नाही, विमला सिस्टरांना तर नाहीच. फक्त तुला आणि मला. घरातल्या पोट्ट्यांना.

शारदाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तू तिला सांगितलेलं नाहीस. तिला एवढंच समजलं की म्हाताऱ्या माणसाला गार वारा लागतो आहे. ती पटकन उठली, खिडकीची दोन्ही दारं ओढली, कडी बसत नव्हती ती तळहाताने दोनदा ठोकून बसवली, आणि परत येऊन बाबांची चादर खांद्यापर्यंत ओढली.

"अब ठीक है बाबूजी? अब तो नई लगत हे हवा?"

बाबांनी बंद खिडकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तोंडाचा उजवा कोपरा अजून नीट उचलला जात नाही, त्यामुळे ते हसले की नाही हे मी खात्रीने लिहू शकत नाही.

"हव," ते म्हणाले.

आई पदर तोंडात धरून भिंतीकडे वळली. शारदा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली, आपलं काय चुकलं म्हणून. तिला खिडकीचं काय ते तू आल्यावर सांग. मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी सवयीने मला विचारलं, "आज कितने हव?"

मी म्हटलं, आज एकही नाही. शारदाला दिलेला मी त्यात धरला नाही, तो होकार होता.

चेतना